‘सिव्हिअर टायर डॅमेज’ या लाइव्ह अल्बममधील सर्व गाणी मैफलीतच ध्वनिमुद्रित झाली आहेत का?

नाही, ‘दे माइट बी जायंट्स’ या उपरोधिक, चमत्कृतिपूर्ण गीतांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी ऑल्टरनेटिव्ह रॉक बँडचा हा १९९८ सालचा अल्बम लाइव्ह म्हणून प्रसिद्ध झाला असला, तरी त्यातील सर्वाधिक गाजलेले ‘डॉक्टर वर्म’ हे गाणे स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेले आहे, आणि त्यात श्रोत्यांचा आवाज नाही हे ऐकताक्षणी लक्षात येते. तरीही अल्बमचे खरे मोल मैफलींतील गाण्यांतच आहे. जॉन फ्लॅन्सबर्ग आणि जॉन लिनेल हे बँडचे दोघे संस्थापक ब्रुकलिनमध्ये सुरुवातीची अनेक वर्षे ड्रम मशीन आणि टेपच्या साथीने गात असत; १९९२ नंतर त्यांनी पूर्ण वाद्यवृंद सोबत घेतला, त्यामुळे ‘अ‍ॅना एंग’सारखे १९८८ मधील गाणे येथे प्रत्यक्ष ड्रमवादकाच्या साथीने अधिक भरदार आणि मोकळे वाटते, आणि मला तरी हेच रूप अधिक प्रिय आहे. मात्र केवळ गाण्यांच्या छापील यादीवर विसंबू नये, कारण सीडीच्या अखेरीस ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ चित्रपटमालिकेवर रंगमंचावर उत्स्फूर्तपणे रचलेली सात छोटी गाणी यादीत न नोंदवता समाविष्ट केलेली आहेत.