‘एखादी थप्पड होतेच’ असे लिहिणाऱ्या वडिलांना

मालवणच्या एका वडिलांची इच्छा आहे की, बी.ए. झालेल्या मुलाने बँकेच्या परीक्षा द्याव्यात. मुलगा मात्र एमएसडब्ल्यू (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) करून, पत्नीला मारहाण करणाऱ्या पुरुषांच्या वर्तनबदलाचे काम करू इच्छितो. ‘संसारात एखादी थप्पड होतेच, त्यासाठी शिकवणी कशाला?’ असे ते विचारतात.

स.न. वि. वि.

मुलाचे गुण उत्तम आहेत. मला काळजी वाटली ती आपल्या या वाक्याची. आपण ज्याला संसाराचा भाग मानता, त्यापासून स्त्रीला संरक्षण देणारा कायदा 2005 साली झाला असून, त्याच्या कलम 14 नुसार न्यायदंडाधिकारी मारणाऱ्याला समुपदेशनासाठी पाठवू शकतात. ते करणारी प्रशिक्षित माणसे आपल्याकडे फार थोडी आहेत, त्यात पुरुष तर विरळाच.

‘दारू आणि राग सुटला की मारहाण सुटते’ हा आपला दुसरा समज. मासळीच्या लिलावात भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्यापुढे मान खाली घालणारा माणूस घरी येऊन कालवण खारट झाले म्हणून ताट भिरकावतो, तेव्हा त्याचा रागावर ताबा नसतो असे कसे म्हणावे? कुणावर हात उचलला तर खपेल, हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणूनच अमेरिकेतील डुलुथ येथे मारहाण करणाऱ्या पुरुषांसाठी 1981 साली सुरू झालेल्या कार्यक्रमाने रागाऐवजी सत्ता आणि नियंत्रण यांवर बोट ठेवले. अशा कार्यक्रमांत पुरुषांचे गट अनेक आठवडे चालतात आणि पत्नीच्या सुरक्षिततेची चौकशी स्वतंत्रपणे होते, कारण ‘आता मी सुधारलो’ या पुरुषाच्या शब्दावर विसंबणे तिच्या जिवावर बेतू शकते. सगळेच बदलतात असे नाही, हेही मुलाने आधीच जाणून घ्यावे.

समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था व निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे. पगार बँकेएवढा नसेल आणि पहिली नोकरी बहुधा महिला समुपदेशन केंद्रात मिळेल; पीडितेचे ऐकून घेतल्याशिवाय मारणाऱ्यासमोर बसूही नये.

मुलाला हाच विषय का घ्यावासा वाटला, हे आपण पत्रात लिहिलेले नाही. बहुधा विचारलेही नसावे. अर्जाची घाई बाजूला ठेवून ते विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. उत्तर आपल्याच घरातले निघाले, तर बदलाच्या कार्यक्रमाची गरज आधी आपल्याला आहे, आणि 181 हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक त्याच्या आईजवळ असायला हवा.