नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला रात्री गाडीने फिरून नॉर्दर्न लाइट्सचे फोटो कसे काढावेत?

फेब्रुवारीत जाताय, गाडी भाड्याने घेणार आणि कॅमेऱ्याची सेटिंग्ज हवीत, असं तुम्ही विचारलंय. सांगतो, पण आधी ढगांचं बघा. पहिल्या रात्री मी मोबाइलवर केपीचा आकडा (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ, ० ते ९) बघत बसलो. आकडा चांगला ५, आणि डोक्यावर गोधडीसारखे ढग! ट्रॉम्सो ६९ अंश उत्तरेला, ऑरोराच्या, म्हणजे नॉर्दर्न लाइट्सच्या पट्ट्यातच आहे. तिथे केपी २ सुद्धा पुरतो.

दुसऱ्या रात्री ढगांचा नकाशा बघून ई-८ रस्त्याने शीबोत्नकडे निघालो, शंभरएक किलोमीटर. मध्ये लिंगेनचे डोंगर आहेत, समुद्राकडून येणारे ढग बरेचसे तिथेच अडतात. महाबळेश्वरात धो धो आणि दहिवडी कोरडी, तसलाच प्रकार. पलीकडे गेलो तर आकाशभर चांदण्या.

उत्तरेला एक राखाडी पट्टा दिसला. मित्र म्हणाला, ढग आहे. पाच सेकंदांचा फोटो काढला, तर हिरवागार! मंद ऑरोरा डोळ्यांना असाच रंगहीन दिसतो, त्यामुळे शंका आली की एक फोटो काढून बघायचा.

एफ २.८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ १६०० (प्रकाशाची संवेदनशीलता), शटर ८ सेकंद इथून सुरुवात करा. प्रकाश नाचायला लागला की २-३ सेकंदांवर या आणि आयएसओ वाढवा, नाहीतर प्रकाशाच्या पडद्याच्या चुण्या जाऊन नुसता हिरवा लगदा उरतो. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर मात्र विसंबू नका. माझे चाळीस फोटो त्यात गेले. स्क्रीनवर एखादा ठळक तारा मोठा करून तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत फोकस फिरवा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. यूव्ही फिल्टर काढून ठेवा. ऑक्सिजनचा तो हिरवा प्रकाश एकाच तरंगलांबीचा असतो. सपाट काचेतून आला की फोटोच्या मधोमध वर्तुळं उमटतात.

चालवणाऱ्याने वर बघायचं नाही, हा आमचा एकमेव नियम. थांबायचं ते पार्किंगच्या जागेतच, आणि थांबल्याबरोबर दिवे बंद. शेजारी कोणाचा तरी शटर उघडा असतो.

जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा, थंडीत बघता बघता उतरते. गरम गाडीत शिरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा, म्हणजे काचेवर दव धरत नाही. तत्पूर्वी मेमरी कार्ड काढून घ्या. मी विसरलो होतो, मग हॉटेलात कॅमेरा गरम होईपर्यंत दोन तास नुसता पिशवीकडे बघत बसलो.