चिऱ्याची बंद खाण मातीने भरून त्यात काजू लावता येईल का?

तुम्ही लिहिलंय खाण 20 गुंठ्यांची, 12 फूट खोल, कंत्राटदार काम संपवून गेला आणि आता भरून काजू लावायचा विचार आहे. आमची राजापूर बाजूला सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, अशीच खाण आहे, थोडी लहान, आणि मी हे सगळं एकदा चुकीचं करून बसलोय म्हणून सांगतो.

आधी भरायचं डोक्यातून काढा. गणित करून बघा ना, 20 गुंठे म्हणजे 21,780 चौरस फूट, गुणिले 12, म्हणजे जवळजवळ 2,600 ब्रास माती (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). दोन ब्रासचा डंपर धरला तरी 1,300 खेपा, आणि एवढी माती आणणार कुठून, दुसऱ्याचा डोंगर खरवडूनच ना? शिवाय माती पण गौण खनिजात येते, तिची पण रॉयल्टी आणि परवानगी लागते. कोणी म्हणेल बिल्डिंगचं डबर फुकट टाकून देतो, तर हात जोडा, त्यात प्लास्टिकपासून काचेपर्यंत सगळं येतं.

आता मातीचं. खाणीच्या तळाला जे लाल दिसतं ती माती नाहीच, तो जांभ्याचा, म्हणजे चिरा ज्या दगडाचा निघतो त्याचा, चुरा आहे. इतक्या वर्षांच्या पावसाने त्यातलं चुना-पोटॅश सगळं धुऊन गेलंय, उरलंय लोखंड आणि ॲल्युमिनियम, म्हणून ती आंबट असते आणि स्फुरद (फॉस्फरस) घातलं की धरून ठेवते, झाडाला देत नाही. खरी माती म्हणजे वरचा वीतभर थर, आणि तो जेसीबीने पहिल्याच दिवशी ढकलून दिलेला असतो. आमच्या कंत्राटदाराने तो चुऱ्याखाली गाडला, करार तोंडी होता त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. तुमच्याकडे कडेला ढीग राहिला असेल तर सोन्यासारखा जपा, ताडपत्री नको, वर ताग नाहीतर कुळीथ पेरा म्हणजे पावसात वाहून जाणार नाही.

माझी मोठी चूक ही की तळातच ब्रेकरने खड्डे मारले, माती शेणखत भरलं आणि काजूच्या वेंगुर्ला 4 जातीची कलमं लावली. जुलैत प्रत्येक खड्डा म्हणजे भरलेला हंडा, पाणी जाणार कुठे, खाली अखंड कातळ. गणपतीपर्यंत निम्मी कलमं कुजली. काजूला कातळ चालतो हो, पण मुळाशी साचलेलं पाणी चालत नाही. दुसऱ्या वर्षी खड्ड्याखड्ड्यातून चर खोदून उताराच्या कोपऱ्याकडे काढला आणि रोपं उंचवट्यावर लावली, ती जगली.

त्यामुळे यंदा पावसाळाभर काही लावू नका, फक्त बघा. पाणी कुठे साचतं आणि किती दिवस राहतं. दिवाळीनंतर लगेच आटलं तर तळ जांभ्याचाच आहे, झिरपतंय. शिमग्यापर्यंत राहिलं तर बहुतेक खाली पांढरट-गुलाबी चिकणमाती लागलीय, मग तो कोपरा तळं म्हणून सोडा, बाकीच्या झाडांना तेच पाणी मिळेल. आणि तिथे आणखी खोदायला कोणालाही देऊ नका, जांभ्याची भिंत उघडी पडली की कडक होते पण त्याखालची चिकणमाती भिजली की सुटते आणि वरचं सगळं घेऊन खाली येते.

उरलेल्या जागेत 7 मीटर अंतराने तीसेक काजू बसतील. तीन फुटी खड्ड्याला 27 घनफूट, म्हणजे सगळे मिळून 8 ब्रास माती, उंचवट्यांना अजून थोडी. कुठे 2,600 आणि कुठे हे! आणलेल्या मातीचं परीक्षण करून घ्या, आंबटपणा कमी करायला चुना किती घालायचा ते त्यावरच ठरवा, शेजाऱ्याने घातला म्हणून नको. कडेने गिरीपुष्प लावा, दर पावसाळ्यात पाला तोडून बुंध्याशी टाकत राहा, माती तयार होते ती अशीच, हळूहळू.

पण या सगळ्याच्या आधी, म्हणजे या महिन्यातच, तुटक्या चिऱ्यांचा वरून गडगा, म्हणजे रचलेला दगडी बांध, घाला. उभी 12 फुटांची कड आणि खाली पाणी, गुरं पडतात, पोरं पोहायला उतरतात. आमच्याकडे शेजाऱ्याची म्हैस पडली होती, बाहेर काढायला अख्खी वाडी लागली. परवान्याची कागदपत्रं पण कंत्राटदाराकडून मागून घ्या, खाणकाम आराखड्यात खाण बंद करताना काय करायचं ते लिहिलेलं असतं, कड उतरती करायचं काम त्याच्याच माथी असेल तर तुमच्या खिशातून कशाला.