गॅरेजमधल्या वर्कशॉपसाठी एलईडी घेताय? आधी एवढं बघा

पहिलंच वर्कशॉप लावताय, छान! खर्च फार होत नाही, फक्त छताच्या मधोमध एकच मोठा दिवा लावू नका. नवीन माणूस हमखास तेच करतो, आणि मग टेबलावर वाकलं की स्वतःचीच सावली कामावर पडते. त्यापेक्षा चार फुटी, २० वॉटच्या साध्या एलईडी पट्ट्या घ्या. दहा बाय दहाच्या जागेला तीन पुरतात: दोन टेबलाच्या वर, डाव्या-उजव्या बाजूंना, आणि एक उरलेल्या जागेसाठी.

खोक्यावर वॉट (वीज किती खाते) नाही, लुमेन (उजेड किती देते) वाचा. २० वॉटच्या चांगल्या पट्टीला साधारण २००० लुमेन मिळतात. उजेडाचा रंग ४००० केल्विन (किंचित पिवळसर पांढरा) किंवा ६५०० केल्विन (निळसर पांढरा), जो डोळ्यांना बरा वाटेल तो. मात्र लाकडाला पॉलिश किंवा रंगकाम करणार असाल, तर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, ८० च्या वरच हवा.

मुंबईत लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारात पट्ट्या स्वस्त मिळतात, पण बिल आणि वॉरंटी घ्याच. दुकानातच पट्टी लावायला सांगा आणि मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये बघा. प्रकाश लुकलुकताना दिसला तर ती घेऊ नका. अशा उजेडात फिरणारं ग्राइंडरचं चाक कधीकधी थांबल्यासारखं दिसतं, आणि तिथे बोटं जातात.

पावसाळ्यात भिंतीला ओल येत असेल तर आयपी६५ची, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारी बंद पट्टी घ्या. वायरिंग आणि अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. डिमर, सेन्सर सध्या राहू द्या.