वाचकांचे प्रश्न : एका चौकटीचे विनोदकार

प्रश्न : अमेरिकन साप्ताहिकांचे १९४५ ते १९५५ या काळातले बांधीव खंड सध्या चाळतो आहे. दर दोन-चार पानांनी एखादे विनोदी चित्र भेटते. एकच चौकट, खाली जेमतेम एक ओळ आणि कोपऱ्यात सही. वर्तमानपत्रांतल्या चित्रमालिकांचे कर्ते आजही सर्वांना ठाऊक आहेत, मग या चित्रकारांची नावे कशी पुसली गेली? त्यांचे काम दुय्यम होते का?

उत्तर : दुय्यम मुळीच नव्हते. माझ्या मते ते अधिक अवघड होते, आणि त्यांची नावे मागे पडण्याचे कारणही त्या अवघडपणातच आहे. मालिकेतले पात्र वाचकाच्या रोजच्या ओळखीचे असते. त्याचा स्वभाव, त्याचे घर, त्याची खोड पुन्हा सांगावी लागत नाही. मासिकातल्या एकट्या चित्राला यातले काहीच आयते मिळत नाही. माणसे कोण आहेत, कुठे आहेत, त्यांचे आपसात नाते काय आणि बिनसले कुठे, हे सारे पान उलटण्याआधीच्या एका दृष्टिक्षेपात कळावे लागते. एवढे साधले तरी पुढच्या आठवड्यात सगळे पुन्हा पहिल्यापासून! वाचकाला तो विनोद आठवतो, पण नाव लक्षात ठेवायला त्याच्याजवळ पात्राचा धागा नसतो.

याचा दाखला एकाच माणसाच्या कामात सापडतो. चार्ल्स शुल्झ यांनी १९४८ ते १९५० या काळात ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ला सतरा सुटी चित्रे विकली. पहिल्या चित्रातला मुलगा लांबलचक आरामखुर्चीच्या अगदी टोकाला बसला आहे आणि पाय टेकायला त्याने समोर आणखी एक चौरंग घेतला आहे. त्या सतरा चित्रांवर शुल्झ आज कुणाला आठवले नसते. ऑक्टोबर १९५० मध्ये ‘पीनट्स’ ही त्यांची वर्तमानपत्री चित्रमालिका सुरू झाली आणि त्यांचे नाव जगभर गेले. मॉर्ट वॉकर आणि हँक केचम हे पुढे वर्तमानपत्रांत गाजलेले चित्रकारही मासिकांना सुटी चित्रे विकतच वर आले होते. केचम यांचा १९५१ मधला खोडकर डेनिस रोज एकाच चौकटीत येत असे, पण तो रोज तोच असे, म्हणून टिकला. टेड की यांची हेझल ही मोलकरीण १९४३ पासून ‘पोस्ट’मध्ये होती. ते साप्ताहिक १९६९ मध्ये बंद पडले तेव्हा हेझल वर्तमानपत्रांत राहायला गेली. ज्यांच्याजवळ अशी हेझल नव्हती, त्यांना कुठे जाता आले नाही.

कौशल्य म्हणजे नेमके काय, हे पाहायचे असेल तर चार्ल्स अॅडम्स यांचे ‘न्यूयॉर्कर’मधले जानेवारी १९४० चे चित्र सावकाश पाहावे. बर्फाच्या उतारावर एक झाड आहे. एक व्यक्ती स्की लावून खाली निघून गेली आहे आणि तिच्यामागे दोन रेघा उमटल्या आहेत. एक रेघ झाडाच्या डावीकडून जाते, दुसरी उजवीकडून, आणि झाड ओलांडल्यावर दोन्ही पुन्हा शेजारी-शेजारी येतात. दुसरा एक माणूस थबकून ते पाहतो आहे. खाली शब्द नाही. अशक्य गोष्ट घडून गेलेली आहे आणि आपल्यापुढे फक्त तिचा पुरावा ठेवला आहे. त्या पाहणाऱ्या माणसावर बोट ठेवून ते चित्र पुन्हा पाहा. त्याच्याविना ते नुसते कोडे उरते, आणि तो आहे म्हणून आपण त्याच्याबरोबर थबकतो. पीटर आर्नो यांच्या १९४१ मधल्या चित्रात एक विमान नुकतेच जमिनीवर आदळले आहे आणि सगळे तिकडे धावत सुटले आहेत. उलट दिशेने मात्र एक सुटाबुटातला गृहस्थ काखेत आराखड्याची गुंडाळी घेऊन शांतपणे चालत येतो आहे. आता पुन्हा आराखड्याच्या टेबलाशी बसावे लागणार, एवढेच तो म्हणतो. त्याचे ते वाक्य इंग्रजीत वाक्प्रचार होऊन बसले. रोज ते वापरणाऱ्या कितीजणांना आर्नो आठवत असतील?

धंद्याची रीतही समजून घ्यायला हवी. न्यूयॉर्कमध्ये बुधवार हा या मंडळींचा फेरीचा दिवस असे. दहा-वीस कच्च्या चित्रांचा गठ्ठा घेऊन ते आधी सर्वांत जास्त मोबदला देणाऱ्या मासिकाच्या कचेरीत जात आणि तिथून परत आलेली चित्रे घेऊन उतरत्या क्रमाने पुढच्या दारी. एखाद्या कच्च्या चित्राला होकार मिळाला की मग त्याचे पक्के चित्र करायचे. ही सारी साखळी मासिकांच्या खपावर आणि जाहिरातींवर उभी होती. जाहिराती टेलिव्हिजनकडे वळल्या तशी ती तुटत गेली. ‘कॉलियर्स’ जानेवारी १९५७ मध्ये बंद झाले, ‘पोस्ट’नंतर १९७१ मध्ये ‘लुक’ गेले आणि १९७२ मध्ये साप्ताहिक ‘लाइफ’. दारेच उरली नाहीत, तर बुधवार कुठून उरणार?

प्रश्न : हे विनोद चित्रकारांना स्वतःलाच सुचत असत का?

उत्तर : पुष्कळदा नाही. विनोद सुचवणारे लेखक वेगळे असत आणि चित्र विकले गेले की मोबदल्याचा साधारण पाव हिस्सा त्यांना देण्याची प्रथा होती. सही मात्र एकट्या चित्रकाराची. जॉर्ज प्राइस यांची शेकडो चित्रे ‘न्यूयॉर्कर’मध्ये आली आणि त्यांमागच्या जवळजवळ सगळ्या कल्पना इतरांच्या होत्या. हेलन होकिन्सन यांच्या गुबगुबीत, भाबड्या क्लबवाल्या बायकांच्या तोंडची वाक्ये बरीच वर्षे जेम्स रीड पार्कर लिहीत असत. यामुळे चित्रकाराचा मान कमी होतो असे मला वाटत नाही. प्राइस यांची पोपडे उडालेली घरे आणि त्यांतली हाडकुळी माणसे पाहिल्यावर कल्पना कुणाची, हा प्रश्न मागे पडतो. तरी त्या लेखकांवर अन्याय झाला, हे मान्य केले पाहिजे.

प्रश्न : यांतले बरेच विनोद आज खटकतात. तरीही पाहावेत का, आणि कुणापासून सुरुवात करावी?

उत्तर : खटकतात हे खरे आहे. सेक्रेटरीच्या मागे लागलेला साहेब, लाटणे घेऊन उभी असलेली बायको, बेटावरचे नरभक्षक हे साचे तेव्हाही आळशी होते आणि आज ते बोचतात. ते वगळले तरी पाहण्याजोगे भरपूर उरते. व्हर्जिल पार्च डिस्ने स्टुडिओतून बाहेर पडून मासिकांकडे आले. त्यांच्या माणसांच्या हाताला किती बोटे असतील याचा नेम नाही, ती जरूर मोजून पाहा. सॅम कोबिअन यांची डोक्यावरच्या ढगात माणसाचे मन उघडे करणारी, बहुधा निःशब्द चित्रे पाहा. ते १९५१ मध्ये मोटार अपघातात अकाली गेले. ई. सिम्स कॅम्बेल १९३३ मध्ये ‘एस्क्वायर’ हे मासिक निघाले तेव्हापासून त्यात रंगीत चित्रे काढत. ते कृष्णवर्णीय आहेत हे त्यांच्या कितीतरी चाहत्यांना माहीत नव्हते.

आणि बार्बरा शर्मंड यांना विसरू नका. ‘न्यूयॉर्कर’च्या पहिल्या वर्षांपासून त्यांच्या चित्रांतल्या तरुणी लग्नाबद्दल आणि पुरुषांबद्दल जे बोलत, ते आजही ताजे वाटते. अमेरिकेतल्या व्यंगचित्रकारांच्या राष्ट्रीय संस्थेत पूर्वी फक्त पुरुषांना प्रवेश होता. १९५० मध्ये तीन स्त्रिया पहिल्यांदा सभासद झाल्या, त्यांपैकी शर्मंड एक होत्या. १९७८ मध्ये त्या वारल्या. त्यांच्या अस्थी न्यूजर्सीतल्या एका अंत्यसंस्कारगृहात कुणी न नेता अनेक वर्षे पडून होत्या. नात्यातल्या एका स्त्रीने शोध घेतला तेव्हा ते उघडकीस आले आणि अखेर त्या अस्थी सॅनफ्रान्सिस्कोत त्यांच्या आईशेजारी पुरण्यात आल्या.