वाचकांचे प्रश्न : डोंगरातली वाईन, सोलापूरचा उन्हाळा

प्रश्न : मुलाने कॅलिफोर्नियातल्या सांता क्रूझ डोंगरातल्या एका वायनरीच्या कॅबरने सोव्हिन्याँ या रेड वाईनच्या दोन बाटल्या आणल्या आहेत. किंमत ऐकून उघडायचा धीर होत नाही. चार मित्र बसून नीट पारखायची म्हटली तर काय काय बघायचं? (जुळे सोलापूर)

उत्तर : आधी तापमान सांभाळा. ‘रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्या’ हा सल्ला थंड मुलखातल्या खोल्यांचा. तिथे त्याचा अर्थ 16 ते 18 अंश. एप्रिलात आपल्या घरात 35 अंश असतात. एवढ्या गरमीत अल्कोहोल नाकाला झोंबतं, फळाचा वास दबून जातो आणि महागाची वाईनही जड, बेचव लागते. बादलीत निम्मं पाणी, निम्मा बर्फ घालून बाटली मानेपर्यंत 15 मिनिटं बुडवा. नुसत्या बर्फात ठेवू नका, खड्यांमध्ये हवा राहते आणि वेळ दुप्पट लागतो. 15 अंशाला ओतली तरी चालेल, ग्लासात ती भराभर चढतेच.

ग्लास पोटाशी फुगीर, तोंडाशी निमुळता हवा. तो साबणाशिवाय गरम पाण्याने धुवा, कारण कपाटाचा आणि लिक्विड सोपचा वास नाकाला हमखास फसवतो. त्या खोलीत उदबत्ती, मोगरा, अत्तर नको आणि शेजारच्या स्वयंपाकघरात फोडणीही नको. ओतायची फक्त 40-50 मिली. ग्लास भरला तर फिरवता येत नाही.

पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरून कड बघा. जांभळट असेल तर वाईन तरुण, विटकरी असेल तर मुरलेली. ग्लासाच्या काचेवरून ओघळणाऱ्या धारांवर फार बोललं जातं. त्यावरून अल्कोहोलचा अंदाज येतो, दर्जाचा नाही.

मग ग्लास न हलवता एकदा हुंगा, नंतर फिरवून पुन्हा हुंगा. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास आला तर बूच बाधलेलं आहे. तो दोष हवेने जात नाही, उलट वाढत जातो. काडेपेटीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास मात्र बऱ्याचदा दहा-पंधरा मिनिटांत उडून जातो, तेवढ्यासाठी बाटली नापास करू नका. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा वास डोकं वर काढत असेल तर जिवाणूंनी काम बिघडवलंय.

घोट साधारण 10 मिलीचा घ्या. दहा सेकंद तोंडात सगळीकडे फिरवा आणि थुंका. प्रत्येकाला एक स्टीलचा पेला द्या. लाजून गिळत बसलात तर तिसऱ्या ग्लासानंतरचं मत धरायचं नाही. गालाच्या आतून लाळ सुटली की आंबटपणा चांगला आहे. हिरड्या जांभूळ खाल्ल्यासारख्या आवळल्या तर ते टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून येणारा तुरटपणा. डोंगरातल्या कॅबरनेत टॅनिन भरपूर असणारच. बघायचं एवढंच, की ते बारीक आहे की खरखरीत, आणि त्याच्या जोडीला फळाची चव टिकते का. थुंकल्यावर चव किती सेकंद रेंगाळते ते मोजा. पाच सेकंदांत संपली तर ती साधी वाईन. दहाच्या पुढे गेली तर पैसे सत्कारणी लागले म्हणायचे.

तरुण वाईन तासभर काचेच्या जगमध्ये ओतून ठेवली की मोकळी होते, पण तो जग थंड पाण्याच्या भांड्यात ठेवा. जुनी असेल तर बाटली दिवसभर उभी ठेवा आणि मानेखाली टॉर्च धरून हळू ओता. गाळ दिसला की थांबा.

मुलाने आणलेल्या दोन्ही बाटल्या एकदम उघडू नका, एकच उघडा. तिच्या शेजारी एखादी साधी कॅबरने ठेवा आणि या दोघींना वर्तमानपत्र गुंडाळा. 1976 मध्ये पॅरिसला कॅलिफोर्निया आणि फ्रान्सच्या वाईन्सची प्रसिद्ध चाचणी झाली, तिच्यातही नावं झाकलेलीच होती. त्यात याच डोंगरातल्या रिज वायनरीची 1971 सालची माँटे बेल्लो रेड वाईन्समध्ये पाचवी आली. 2006 मध्ये त्याच वाईन्सची पुन्हा चाचणी झाली तेव्हा ती पहिली आली! तेव्हा तुमच्याकडची तरुण असेल तर एक आज चाखा, दुसरी राखून ठेवा.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. उंचीने वाईनमध्ये खरंच फरक पडतो, की ती जाहिरात? (नान्नज)

उत्तर : पडतो. दर 100 मीटरला हवा साधारण 0.6 अंशाने थंड होते, त्यामुळे द्राक्षातली आम्लता टिकते. अतिनील किरण जास्त लागतात, तशी साल जाड होते आणि रंग-टॅनिन वाढतं. उताराची जमीन उथळ असते, म्हणून मणी बारीक. अर्जेंटिनाच्या उको खोऱ्यात 1000 मीटरच्या वर माल्बेक ही वाईनची द्राक्षं लावतात ती यासाठीच. पण उंची म्हणजे थंड रात्र, असं सरसकट नाही. सांता क्रूझमध्ये समुद्राचं धुकं खाली साचतं आणि त्याच्या वरच्या बागेत रात्र दरीपेक्षा उबदार असते.

आपल्याकडे हे काम उंची नाही, छाटणी करते. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी झाली की मणी हिवाळ्याच्या थंड रात्रींत भरतो. अकलूजकडे वाईनची द्राक्षं होतात ती याच जोरावर. काढणी मार्चात रेंगाळली तर साखर चढते, आम्ल घसरतं आणि वाईन ढिली पडते.

प्रश्न : भेट आलेली बाटली उन्हाळाभर माळ्यावर राहिली. बूच जरा वर आलंय. (होटगी रोड)

उत्तर : गरमीने आतला द्रव फुगला आणि त्याने बूच ढकललं. आवरणाखाली चिकट ओघळ असेल तर हवाही आत गेली. उघडून बघा, पण शिजवलेल्या जॅमचा किंवा मनुक्यांचा वास आला तर त्यावर इलाज नाही. पुढची बाटली फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा.

प्रश्न : सोबत शेंगाचटणी चालेल? (बार्शी)

उत्तर : पारखताना नको. तिखटाने जीभ भाजते, अल्कोहोलने ती आग आणखी भडकते आणि टॅनिन कडवट लागतं. दोन घोटांच्या मध्ये कडक भाकरीचा कोरडा तुकडा आणि साधं पाणी उत्तम. चटणी ताटात येऊ द्या ती गुण लिहून झाल्यावर, मटणाबरोबर.