ठाण्यात हौशी नाटक करतो. आकाशातल्या उजेडावरून प्रकाशयोजना शिकता येते का? सुरुवातीला कोणते दिवे विकत घ्यावेत?

येते. पण आधी ‘संध्याकाळ म्हणजे नारंगी जिलेटिन’ हे डोक्यातून काढा. (जिलेटिन म्हणजे दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद.) दिग्दर्शक तालमीत एवढंच सांगून मोकळा होतो आणि प्रयोगात सगळ्यांना कावीळ झालेली दिसते.

सूर्य येऊरच्या डोंगराआड गेला की उपवन तलावाच्या काठावरचं ऊन संपतं, उजेड संपत नाही. तो आता सगळ्या आकाशातून येतो: निळसर, चहूकडून, जवळजवळ सावलीविना. खाडीपलीकडे पारसिकच्या डोंगरमाथ्यावर मात्र पिवळं ऊन रेंगाळत असतं. म्हणजे उजेड दोन आहेत, आणि रंगमंचावरही दोनच हवेत.

ऊन एकाच विंगेतून. 1000 वॅटचा हॅलोजन स्पॉट, नटापासून 15 फुटांवर, साडेनऊ-दहा फूट उंच. नटाच्या चेहऱ्यापासून मोजला तर कोन साधारण 15 अंश होतो. त्याहून खाली आणलात तर एकाची सावली दुसऱ्याच्या तोंडावर. हॅलोजन मुळात 3200 केल्विनचा, पिवळाच. त्यावर ली कंपनीचं 205 नंबरचं फिकट नारंगी जिलेटिन पुरे. आकाश समोरून आणि दुसऱ्या बाजूने: फ्रेस्नेल (मऊ कडांचा झोत देणारा दिवा), त्यावर 201 नंबरचं निळं जिलेटिन आणि फ्रॉस्ट (उजेड पसरवणारा दुधी कागद). इथे हमखास चुकतं ते डिमरवर, म्हणजे दिवा मंद करताना. 30 टक्क्यांवर आणलात की फिलामेंट लालसर होते आणि निळं मळकट दिसतं. म्हणून आकाशासाठी 500 वॅटचाच दिवा घ्या आणि 60-70 टक्क्यांवर ठेवा.

मावळताना आधी ऊन जातं. ते दीड मिनिटात शून्यावर न्या, निळा त्यानंतर हलवा. दोन्ही एकाच फेडरवर (दिवा कमी-जास्त करायच्या सरकत्या खटक्यावर) बांधणं म्हणजे संध्याकाळ नव्हे, लोडशेडिंग. खरा संधिप्रकाश आपल्याकडे 22 ते 24 मिनिटं टिकतो, नाटकात दोन मिळाली तरी नशीब. सायक्लोरामा, म्हणजे मागचा आकाशाचा पडदा, खाली उजळ, वर गडद. वरची बॅटन (दिव्यांची रांग) फुल सोडून बरेच जण नेमकं उलटं करतात.

दिवे विकत घेऊ नका, भाड्याने आणा. जिलेटिनं मात्र स्वतःची ठेवा.

हे सगळं वास्तववादी नाटकासाठी. लोकनाट्याला लागू नाही. एलईडी असेल तर लालसर होण्याची भानगड नाही, पण स्वस्त एलईडी मंद होता होता शेवटी झटक्यात विझतो. जुलैतला प्रवेश असेल तर विंगेतलं ऊन काढूनच टाका. दिग्दर्शक ‘चेहरे दिसत नाहीत’ म्हणाला, तर समोरचा निळा पाच टक्के वाढवा, नारंगी नाही.